मंत्रचळ : उपचारांचा गुण आधी ओळखता येईल काय?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मराठीत ‘मंत्रचळ’ असा एक जुना शब्द आहे. मंत्र म्हणताना काही चूक किंवा कसूर झाली की म्हणणाऱ्याचे मन चळते, अशी समजूत या शब्दामागे आहे. ती समजूत आपण बाजूला ठेवू. शब्द मात्र मोलाचा आहे. चूक झाली असावी अशी शंका, ती फिटावी म्हणून पुन्हा पहिल्यापासून आरंभ, आणि इतके करूनही शंका न फिटणे, हे या विकाराचे सारे स्वरूप त्यात आले आहे. वैद्यकीय व्यवहारात या विकाराला ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ किंवा थोडक्यात ‘ओसीडी’ म्हणतात. मराठीत ‘विचार-कृती अनिवार्यता’ असाही एक पर्याय रूढ होऊ पाहत आहे. तो शास्त्रीय आहे, पण बोलताना जड वाटतो. आज मी मंत्रचळ हाच शब्द वापरीन.

काही वर्षांपूर्वी एकाच महिन्यात माझ्याकडे असे दोन रुग्ण आले. एक प्रौढ गृहिणी होत्या. वीस वर्षांपासून त्यांचे धुणे-पुसणे थांबत नव्हते. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने न्हाणीघरात जाऊनच घरात पाऊल टाकायचे, बाजारातून आलेली नाणीसुद्धा धुवायची. हातांची कातडी फाटून गेलेली. दुसरा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. दाराची कडी लागली की नाही, गॅस बंद आहे की नाही, हे तो रात्री कितीतरी वेळा उठून पाहत असे. पुस्तकातली ओळ नीट वाचली गेली नाही असे वाटून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असे. त्याचा विकार अवघा दोन वर्षांचा. मुलगा हुशार, उपचारांना मनापासून तयार.

मी त्याच्या वडिलांना सांगितले, ‘तीन महिन्यांत फरक दिसेल.’ त्या बाईंच्या यजमानांना मात्र, ‘फार आशा धरू नका,’ असे म्हणालो. दोघांनाही एकच उपचार, एकाच व्यक्तीकडून, जवळजवळ तितक्याच बैठकांत मिळाला. तीन महिन्यांनी त्या बाई नातवाला न धुता कडेवर घेऊन भेटायला आल्या. मुलगा होता तेथेच राहिला.

माझे दोन्ही अंदाज चुकले होते. कोणाला कोणत्या उपचाराने गुण येणार हे आधी कळू शकेल काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. जगभर याच प्रश्नावर काम चालू आहे आणि अलीकडे त्याचे उत्तर मेंदूच्या अंतर्गत जोडण्यांत शोधले जात आहे. त्या संशोधनाची हकीकत आपणापुढे ठेवावी, आणि त्यातले आज हाती काय आले आहे व काय आलेले नाही तेही स्पष्ट सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

सोवळे आणि मंत्रचळ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे स्वच्छतेची, शिवाशिवीची, सोवळ्या-ओवळ्याची मोठी परंपरा होऊन गेली. ती इष्ट होती की अनिष्ट, हा आजचा विषय नाही. पण सोवळे पाळणारी आजी आंघोळ करून, सोवळे नेसून स्वयंपाकाला लागली की तिचे समाधान होत असे. काम संपत असे. मंत्रचळाच्या रुग्णाचे काम संपतच नाही. शिवाय आपण करतो ते अवाजवी आहे हे बहुतेक रुग्णांना पुरते ठाऊक असते आणि त्याची त्यांना लाज वाटते. म्हणूनच ते लपवितात. ‘हट्टीपणा आहे’, ‘काम नाही म्हणून सुचते’, ‘दोन दिवस शेतावर पाठवा’ असे शेरे त्यांना ऐकावे लागतात. काहींच्या मनात देवाविषयी अभद्र किंवा आपल्याच मुलाला इजा करण्याचे विचार येतात आणि त्या विचारांनी ते स्वतःच थरकापतात. असे विचार येणारी माणसे धोकादायक असतात हा समज चुकीचा आहे. ज्या कृत्याची त्यांना सर्वांत अधिक किळस, तेच मनात येत राहते, हा तर या विकाराचा स्वभाव.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. त्यात आपले राज्य नव्हते. त्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे पाऊण टक्का लोकांत हा विकार आढळला. तेच प्रमाण धरले तर तीन हजार प्रौढांच्या गावात असे वीस-बावीस जण असावयास हवेत. आपल्या गावातले असे किती जण आपणांस ठाऊक आहेत, याचा विचार करावा. त्याच पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नसल्याचे दिसून आले.

शिक्षकांसाठी एक सूचना जाता जाता करतो. हा विकार बहुधा बालपणी किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो. पस्तिशीनंतर तो नव्याने सुरू होणे विरळा. खोडून खोडून वहीला भोके पाडणारा, एकच शंका दहा वेळा विचारणारा, हात धुण्यासाठी सारखी परवानगी मागणारा विद्यार्थी प्रत्येक वेळी खोडकरच असतो असे नाही.

धैर्याचा उपचार

या विकारावर दीर्घकाळ काही इलाज नव्हता. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी रुग्णाला ज्या गोष्टीची भीती, तिच्याच संपर्कात आणले आणि त्यानंतरचा विधी, म्हणजे धुणे किंवा पुटपुटणे, परिचारिकांच्या देखरेखीखाली होऊ दिला नाही. भीती वाढली, शिगेला पोहोचली आणि हळूहळू ओसरली. दोघांनाही उतार पडला. पुढे लंडनमध्येच स्टॅन्ली रॅकमन, आयझॅक मार्क्स प्रभृतींनी आणि अमेरिकेत एड्ना फोआ यांनी या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप दिले. आज मंत्रचळावरील वर्तनोपचारांचा हाच कणा आहे.

ऐकावयास हा उपचार सोपा वाटतो. तसा तो नाही. ज्याला संडासच्या कडीला हात लावण्याची भीती, त्याने ती कडी धरायची आणि तोच हात न धुता भाकरी मोडायची. प्रथम सोपी पायरी, मग अवघड. रुग्णाच्या बाजूने याला विलक्षण धैर्य लागते. निम्म्याहून अधिक रुग्णांना यातून लक्षणीय उतार पडतो. काही मध्येच सोडून जातात आणि काहींना पूर्ण करूनही गुण येत नाही. औषधेही आहेत. क्लोमिप्रामिन हे जुने औषध आणि फ्लुओक्सेटिनसारखी नंतरची औषधे उपयोगी पडतात. मात्र नैराश्यासाठी लागते त्याहून त्यांची मात्रा बहुधा अधिक लागते आणि परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत औषध सोडून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणारे रुग्ण मी नेहमी पाहतो.

आता अंदाजाचे महत्त्व लक्षात येईल. हा उपचार नीट शिकलेली माणसे फार थोडी आहेत. तालुक्याच्या गावाहून शहरात येऊन आठवड्यातून एकदोनदा बसावयाचे, तर एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च आलाच. एवढे सोसून ज्याला गुण आला नाही, तो रुग्ण पुन्हा कोणाच्याच दारी जात नाही. ‘आपला रोग बरा होणारा नाही’ असे तो ठरवून टाकतो. त्याला प्रथमच योग्य उपचाराकडे पाठविता आले असते तर?

रहाटगाडगे

मेंदूतील कोणत्या भागाशी या विकाराचा संबंध आहे, याचे चित्र १९८० नंतर स्पष्ट होऊ लागले. डोळ्यांच्या खोबणीच्या वर मेंदूच्या अग्रखंडाचा एक भाग आहे. काही चुकले आहे, काही धोका आहे, असा इशारा देण्यात त्याचा वाटा असतो. तेथून संदेश मेंदूच्या खोल भागातील ‘स्ट्रायाटम’ या केंद्राकडे जातो, तेथून पुढे थॅलॅमसकडे, आणि थॅलॅमसकडून परत अग्रखंडाकडे येतो. मेंदूत असे अनेक वळसे समांतर चालू असतात, हे अलेक्झांडर, डिलाँग व स्ट्रिक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडले. निरोगी माणसात इशारा येतो, कडी पाहिली जाते आणि इशारा थांबतो. मंत्रचळात हे रहाटगाडगे थांबत नाही, अशी कल्पना आहे. ही कल्पना पुष्कळशी उपयुक्त ठरली आहे, पण मेंदू तिच्याहून गुंतागुंतीचा आहे हेही पुढे दिसून आले.

१९९२ मध्ये लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ल्युइस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखविणाऱ्या पॉझिट्रॉन चित्रणाने त्यांनी उपचारांच्या आधी व नंतर रुग्णांचे मेंदू तपासले. ज्यांना गुण आला त्यांच्या स्ट्रायाटममधील ‘कॉडेट’ या भागाचा उजव्या बाजूचा साखरेचा वापर कमी झाला होता. काहींना गुण फ्लुओक्सेटिनने आला होता, काहींना केवळ वर्तनोपचाराने. बदल दोघांतही त्याच ठिकाणी दिसला. कडीला हात लावून तो न धुणे, एवढ्या कृतीने मेंदूच्या खोल भागातील व्यापार बदलतो, हे तेव्हा डोळ्यांना दिसले. ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणाऱ्यांना मी हाच प्रयोग सांगतो.

त्याच विद्यापीठातून १९९८ मध्ये ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. उपचारांपूर्वीच्या चित्रावरून काही सांगता येते काय? डाव्या अग्रखंडाच्या त्या डोळ्यांवरील भागात ज्यांचा साखरेचा वापर अधिक होता, त्यांना वर्तनोपचाराने अधिक गुण आला होता. औषध घेणाऱ्यांत मात्र उलट, ज्यांचा वापर कमी त्यांना गुण अधिक. रुग्ण थोडे होते, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे प्रश्न ‘रुग्ण बरा होईल की नाही’ एवढाच राहिला नाही. ‘कशाने बरा होईल’ असा झाला.

कांद्याचे भाव आणि मेंदूच्या जोडण्या

यानंतरचा टप्पा जोडण्यांचा. चुंबकीय प्रतिमाचित्रण म्हणजे एम.आर.आय. आता जिल्ह्याच्या ठिकाणीही परिचयाचे झाले आहे. १९९० मध्ये सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायूच्या कमी-अधिक प्रमाणामुळे चुंबकीय चित्रात फरक पडतो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. म्हणजे काम करणारा भाग चित्रात टिपता येतो. १९९५ मध्ये अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल यांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. माणूस यंत्रात नुसता स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या डाव्या व उजव्या बाजूंची हात हलविणारी केंद्रे एकाच लयीत वरखाली होत होती. काही काम नसतानाही त्यांचे सूत जुळलेले होते.

याला ‘कार्यात्मक जोडणी’ म्हणतात. ती समजण्यासाठी नाशिक जिल्ह्याकडे पाहावे. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढला की पिंपळगाव बसवंतलाही चढतो. येथे उतरला की तेथेही उतरतो. दोन्ही ठिकाणचे रोजचे भाव दोन रकान्यांत मांडले, तर मधला रस्ता न पाहताही या दोन बाजारांचा संबंध आहे हे कळेल. रत्नागिरीच्या आंब्याचा रकाना शेजारी ठेवला तर तो त्यांच्याबरोबर हलणार नाही. मेंदूच्या शेकडो ठिकाणांचे असे रकाने मांडावयाचे आणि कोण कोणाबरोबर हलतो ते पाहावयाचे, ही या शास्त्राची रीत. तिची मर्यादाही याच उदाहरणातून कळते. दिल्लीहून निर्यातबंदी आली तर दोन्ही बाजार एकदमच कोसळतील, म्हणून एकाने दुसऱ्याला पाडले असे होत नाही.

या रीतीने मेंदूत काही मोठी जाळी आढळली. त्यातले एक जाळे माणूस बाहेरच्या कामात गुंतलेला नसतो, स्वतःशीच विचार करीत असतो, तेव्हा अधिक क्रियाशील असते. मार्कस रेक्ले आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याच्याकडे लक्ष वेधले. आपण त्याला ‘आत्मगत जाळे’ म्हणू.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजल्स येथीलच निको रेजेन्टे, जेमी फ्यूस्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मंत्रचळाच्या प्रौढ रुग्णांना चार आठवडे रोज वर्तनोपचार दिला होता. उपचारांपूर्वी प्रत्येकाचे स्वस्थ पडलेल्या अवस्थेतील चित्रण केले होते. त्यावरून उपचारांनंतर विकाराची तीव्रता किती उरेल, हे गणकयंत्राला सांगता येते काय, ते पाहावयाचे होते. तीव्रता मोजण्यासाठी १९८९ पासून ‘येल-ब्राउन’ नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरात आहे. तिचे एकूण गुण ४०.

येथे शिक्षकांच्या लक्षात सहज येईल अशी एक खबरदारी घेतली होती. वर्गात सोडविलेलीच गणिते परीक्षेत घातली, तर मुलाला गणित येते की पाठांतर, हे कळत नाही. म्हणून रुग्ण आळीपाळीने बाजूला ठेवावयाचे, उरलेल्यांवरून यंत्राला शिकवावयाचे, आणि न पाहिलेल्या रुग्णाबद्दल अंदाज करावयास सांगावयाचा. आत्मगत जाळ्यातील व दृष्टीशी संबंधित जाळ्यातील जोडण्यांवरून हा अंदाज बराच जमला. रुग्णारुग्णांत शेवटी जो फरक उरला, त्यातील ६७ टक्क्यांपर्यंतचा हिशेब या जोडण्यांवरून लागला. शंभरातल्या सदुसष्ट जणांचा अंदाज बरोबर आला, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नये. वृत्तपत्रांत अशी गल्लत नेहमी होते. विशेष म्हणजे उपचारांपूर्वीची विकाराची तीव्रता हा त्यापेक्षा दुबळा निदर्शक ठरला. माझी चूक नेमकी येथेच झाली होती. वीस वर्षांचा विकार आणि फाटलेले हात पाहून मी निकाल देऊन बसलो होतो.

रहाटगाडग्याऐवजी दृष्टीचे जाळे का पुढे यावे, याचा समाधानकारक खुलासा मला तरी कोठे आढळलेला नाही.

२०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील ल्यूक नॉर्मन, केट फिट्झजेराल्ड आणि सहकाऱ्यांनी ८७ किशोर व प्रौढ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांची विभागणी करून काहींना वर्तनोपचार आणि काहींना मनावरील ताण कमी करण्याचे शिक्षण दिले. यात जोडण्यांऐवजी काम करतानाची क्रियाशीलता पाहिली होती. स्वतःला आवरण्याच्या आणि बक्षीस मिळविण्याच्या खेळात ज्यांच्या मेंदूची संबंधित केंद्रे आधीपासून अधिक क्रियाशील होती, त्यांना वर्तनोपचाराने अधिक गुण आला. ताण-शिक्षणाच्या गटात याच्या उलट दिसले. म्हणजे ब्रॉडी यांनी विचारलेला ‘कशाने’ हा प्रश्न पुन्हा पुढे आला, आणि या वेळी अधिक भक्कम पायावर.

मेलेला मासा

इतके ऐकल्यावर, जिल्हा रुग्णालयात यंत्र आहेच, मग प्रत्येक रुग्णाचे चित्रण का करू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी एका माशाची गोष्ट सांगतो.

२००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा चुंबकीय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’ आणि मिळालेली आकडेवारी योग्य ती खबरदारी न घेता तपासली. माशाच्या मेंदूत क्रिया चालू असल्याचे दिसले! मासा अर्थातच विचार करीत नव्हता. हजारो ठिकाणी एकाच वेळी शोध घेतला की कोठेतरी योगायोगाने काही सापडतेच, हे त्यांना दाखवायचे होते. मेंदूच्या जोडण्या तर याहूनही अधिक असतात. रुग्ण पन्नासाच्या आत आणि तपासावयाच्या जोडण्या हजारो, असे असता योगायोगाला जागा राहते. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने मेंदूची रचना व माणसाचे वर्तन यांचे असे संबंध खात्रीने दाखविण्यास हजारो माणसे लागतात, हे दाखवून दिले.

मंत्रचळाच्या बाबतीत याची कसोटी २०२३ मध्ये लागली. अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन १,०२४ रुग्णांची आणि १,०२८ निरोगी व्यक्तींची स्वस्थ अवस्थेतील चित्रे तपासली. आपली निम्हान्स संस्था या सहकार्यात सहभागी आहे. केवळ जोडण्या पाहून रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे यंत्राला ओळखावयास सांगितले. ज्या मापात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूकता, त्या मापात यंत्राला सुमारे ०.५७ ते ०.६७ एवढेच गुण पडले. निदान आणि उपचारांचा अंदाज हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे खरे. तरीही रोगच नीट ओळखता न येणाऱ्या चित्रावर एखाद्या माणसाच्या उपचारांचा निर्णय सोपवावा, असे मला वाटत नाही. निरनिराळी यंत्रे, निरनिराळे देश, औषध घेणारे आणि न घेणारे रुग्ण, या साऱ्यांत टिकेल असा अंदाज अजून तयार व्हावयाचा आहे. तेव्हा मंत्रचळाच्या उपचारांची निवड करण्यासाठी कोणी हजारो रुपयांचे चित्रण करावयास सांगितले, तर त्याची गरज नाही, एवढे आपण निःशंकपणे सांगू शकता. मेंदूच्या दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका डॉक्टरांना आली तर गोष्ट वेगळी.

मला याहून मोठी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. उद्या हा अंदाज बऱ्यापैकी जमू लागला, आणि उपचारक तर थोडेच आहेत, तर ‘याला गुण येण्याचा संभव कमी, तेव्हा याला यादीत घेऊ नका’ असे म्हणणे फार सोपे होईल. कागदावर ते शहाणपणाचेही दिसेल. पण त्याच कागदाने मी त्या बाईंना परत पाठविले असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या १८ व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. अंदाजाचा उपयोग व्हावयाचाच असेल, तर तो एका उपचाराऐवजी दुसरा देण्यासाठी किंवा अधिक बैठका, अधिक मदत देण्यासाठी व्हावा. अधिकारी वर्गाने हे आताच मनाशी नोंदवून ठेवावे, कारण अशी साधने येतात तेव्हा नियम त्यांच्या मागून येतात.

घरातला निदर्शक

यंत्राशिवायही काही गोष्टी आधी कळतात. घरची माणसे रुग्णाच्या विधीत सामील होतात काय, ही त्यांपैकी एक मोठी. रुग्णाच्या समाधानासाठी सारेजण हात धुतात, ‘कडी लागली आहे ना?’ या प्रश्नाला दहादा ‘हो’ म्हणतात, त्याच्याऐवजी स्वतः उठून गॅस पाहतात. हे सारे मायेपोटी होते. पण त्यामुळे भीती आपणहून ओसरते हा अनुभव रुग्णाला कधी मिळतच नाही. ज्या घरांत हे अधिक, तेथे विकार अधिक तीव्र आणि उपचारांचा गुण कमी, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. यावर उपाय म्हणजे एके दिवशी सारे तोडून टाकणे नव्हे. रुग्णाला विश्वासात घेऊन, उपचारकाच्या सल्ल्याने, एकेक गोष्ट कमी करीत जावयाची असते. रागावणे, चिडविणे, मारणे यांनी विकार वाढतो.

त्या मुलाच्या बाबतीत मला हे सहा महिन्यांनी कळले. रात्री तो झोपावा म्हणून त्याचे वडील प्रत्येक कडी स्वतः तपासून येत, मोठ्याने ‘सर्व बंद आहे’ असे सांगत आणि त्याने विचारले की पुन्हा जात. बैठकीत तो जे शिकत होता ते रोज रात्री घरी पुसले जात होते. वडिलांनी ते लपविले नव्हते. मीच विचारले नव्हते. त्या बाईंच्या घरी, उलट, उपचारांच्या दुसऱ्याच आठवड्यात सुनेने आपणहून ‘मी आता पाय धुवून येणार नाही, आई’ असे प्रेमाने पण ठामपणे सांगितले होते. पुढे मुलाला औषध सुरू केले आणि वडिलांनाही बैठकीत बोलावू लागलो. त्याला निम्म्याहून अधिक उतार पडला. परीक्षेच्या दिवसांत अजूनही तो एकदा भेटून जातो. या दोघांच्या मेंदूतील जोडण्या कशा होत्या, हे मला ठाऊक नाही.

गावात असा रुग्ण आढळला तर काय करावे, हे सांगून थांबतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याखालील जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे रुग्णाला थेट नेता येते. त्यासाठी ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जाण्याची गरज नसते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फलकावर हा क्रमांक लिहिता येईल. रुग्णाबरोबर घरातले निदान एक माणूस अवश्य पाठवावे, आणि त्याने घरात रात्री काय चालते ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.

आता आपले काही प्रश्न असतील तर ते विचारावेत. मला ठाऊक असेल तेवढे सांगेन.